एक्सप्लेनर : 'नॉट' आधी की 'टू' आधी? मराठीला व्याकरण देणारे दादोबा पांडुरंग कोण होते?

तळोदा : 'त्याने जायचे ठरवले नाही' आणि 'त्याने न जायचे ठरवले'. दोन्हींत नकार आहे, पण पहिल्यात जाण्याचा निर्णय झालेला नाही. दुसऱ्यात न जाण्याचा निर्णय पक्का आहे. इंग्रजीतही हाच फरक 'डिड नॉट डिसाइड टू गो' आणि 'डिसायडेड नॉट टू गो' असा दिसतो.

नियम काय?
इंग्रजीत 'नॉट' हा 'टू'च्या आधी येतो. बोलताना 'टू नॉट गो' ऐकू येते, पण परीक्षेत 'नॉट टू गो' लिहिणेच सुरक्षित. मराठीत 'न' क्रियारूपाच्या आधी येतो (न जाणे, न जाता), तर 'नाही' नंतर. मराठीला असे नियम पुस्तकात मांडून देणाऱ्यांत पहिले ठळक नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे.

कोण होते दादोबा?
जन्म 1814, मुंबई. वयाच्या 22 व्या वर्षी, 1836 मध्ये त्यांचे मराठी व्याकरण छापून आले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर त्यांनी मराठीची मांडणी केली. म्हणूनच त्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हणतात.

पुढे ते सुरतेत शिक्षक झाले. 1844 मध्ये तिथे दुर्गाराम मेहताजींसोबत मानवधर्म सभा सुरू केली. 1849 मध्ये मुंबईत जातिभेद न मानणारी परमहंस सभा स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. समाजाच्या भीतीने तिचे काम गुप्तपणे चाले. 1882 मध्ये दादोबांचे निधन झाले.

तळोद्याशी काय संबंध?
थेट संबंध नाही, पण एक कडू धागा आहे. अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर असताना भिल्लांचे बंड मोडून काढल्याबद्दल इंग्रज सरकारने त्यांना रावबहादूर पदवी दिली. जातिभेद न मानणाऱ्या माणसाच्या आयुष्याची ही दुसरी बाजू.

तळोदा तालुक्यातल्या अनेक भिल्ल मुलांची घरची बोली भिली आहे. त्यांच्यासाठी मराठी ही शाळेत भेटणारी भाषा आणि इंग्रजी त्यापुढची. दोन भाषांतला नकार ही मुले नियमानेच शिकतात. त्यांच्या बोलीत 'नाही' कुठे येतो, हे आधी विचारले, तर पुढचे दोन्ही नियम सोपे होतील.