प्रेक्षकातून घडलेला निर्माता : दादासाहेब फाळके

प्रास्ताविक

जुना मूकपट आज पाहताना त्यातील उणिवा आधी नजरेत भरतात. कॅमेरा जागचा हलत नाही, हालचाली अतिभरभर वाटतात, स्त्रीभूमिकेत पुरुष दिसतात. परंतु हेच चित्र प्रथम पाहणाऱ्यांना त्यात काय दिसले असेल? दादासाहेब फाळके यांचे चरित्र या प्रश्नाच्या आधारे अभ्यासता येते; कारण निर्माता होण्यापूर्वी ते स्वतः एक भारावलेले प्रेक्षक होते.

जडणघडण

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान असल्याने पुराणकथांचा संस्कार घरातच झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला व छायाचित्रण आत्मसात केले. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असताना प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी आणि त्यानंतर मुद्रणव्यवसाय, असा त्यांचा प्रवास झाला.

पिंपरी-चिंचवडहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मळवली हे स्थानक लागते. राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा छापखाना तेथे होता. या छापखान्याच्या कामाशी फाळके यांचा संबंध आला आणि लोणावळ्यात त्यांनी स्वतःचा मुद्रणव्यवसायही केला. देवदेवतांची छापील चित्रे घरोघरी भिंतीवर लागत होती. त्यामुळे देवाचे रूप कसे असते, याची एक निश्चित कल्पना सामान्य माणसाच्या मनात रुजली. फाळके यांचा भावी प्रेक्षक असा आधीच तयार होत होता.

प्रेक्षक फाळके

१९११ साली गिरगावात फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. मग चित्रपट पाहणे हाच त्यांचा अभ्यास झाला. या अविश्रांत श्रमांनी त्यांच्या डोळ्यांवर गंभीर परिणाम झाला, तरी ध्यास सुटला नाही. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा व अन्य यंत्रसामग्रीची व्यवस्था करून परतले. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि ती हलती चित्रे दाखवून भांडवल मिळवले.

‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या घरी कुटुंबाच्या श्रमांतून साकारला. फितीच्या कडेला छिद्रे पाडणे, फीत धुणे ही कामे पत्नी सरस्वतीबाईंनी अंधाऱ्या खोलीत केली. शिवाय कलावंत व मदतनीस यांचा स्वयंपाकही त्याच करीत. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांची निवड झाली. ३ मे १९१३ रोजी हा चित्रपट गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी झळकला. त्याआधी १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ प्रदर्शित झाला होता. तथापि तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता.

पहिल्या प्रेक्षकांची दृष्टी

फितीची लांबी सुमारे ३७०० फूट होती. एका फुटात १६ चित्रे धरली, तर ती सुमारे ५९,००० भरतात. जाहिरातीत ५७,००० चित्रांचा उल्लेख होता, तो जवळजवळ खराच म्हणावा लागेल. मात्र दोन मैल लांबीचा दावा ही निव्वळ अतिशयोक्ती होती. प्रत्यक्ष लांबी एक मैलही नव्हती. नवलाईच्या या वस्तूची किंमत प्रेक्षकाला मोजमापाच्या भाषेत पटवून द्यावी लागत होती, हे यावरून ध्यानात येते.

कथा मात्र पटवून द्यावी लागत नव्हती. पुत्राला धनुर्विद्या शिकवणारा राजा पडद्यावर येताच प्रेक्षक त्याला ओळखत असे. निरक्षर माणसालाही पुढे काय घडणार हे ठाऊक होते; उत्सुकता होती ती ते प्रत्यक्ष घडताना पाहण्याची. ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये साळुंके यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. रामाचे दर्शन होताच प्रेक्षक हात जोडत, तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागत, अशा आठवणी सांगितल्या जातात. पुरुषाने वठवलेली सीता भक्तीच्या आड आली नाही, कारण डोळ्यांसमोर नट असला तरी मनात देवता होती.

उत्तरायुष्य

१९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मधील बाळकृष्ण फाळके यांच्या कन्येने, मंदाकिनीने, साकारला. पुढे भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके काही काळ काशीला जाऊन राहिले. १९३१ मध्ये बोलपट आला. त्यांच्या ‘सेतुबंधन’ या मूकपटाला मागाहून ध्वनी जोडावा लागला. कोल्हापुरात केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. ज्या प्रेक्षकाचे मन त्यांनी अचूक ओळखले होते, तो आता संवाद आणि गीते मागू लागला होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

समारोप

फाळके यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या परिसराचे रूप पालटू लागले. आज चाकणच्या कारखान्यांत अनेक प्रांतांतील, अनेक भाषांचे कामगार शेजारी उभे राहून काम करतात. ‘राजा हरिश्चंद्र’चा उरलेला भाग जवळच, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केला आहे. तो पाहताना केवळ तंत्रातील त्रुटी मोजू नयेत. शब्दांवाचून कोणती गोष्ट कळली आणि ती आपल्याला आधीपासून माहीत असल्यामुळे कळली का, याचीही नोंद करावी.

स्वाध्याय : पुराणकथा अजिबात ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला हा मूकपट कितपत समजेल? आपले मत दहा ओळींत लिहा.