नगरमध्ये जन्मला, लंडनमध्ये चेटकीण आणि गॉब्लिन रेखाटले : स्पाइक मिलिगनची गोष्ट

नगरचं नाव निघालं की भुईकोट किल्ला आठवतो, चांदबिबी आठवते, रणगाड्यांचं म्युझियम आठवतं. शहराचं आणि जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. पण या यादीत एक नाव सहसा कोणी घेत नाही. ज्या माणसाने अख्ख्या इंग्लंडला पोट धरून हसवलं आणि तिथल्या पोरांना झाडूवरून सुसाट सुटणारी एक चेटकीण दिली, त्या स्पाइक मिलिगन यांचा जन्म याच नगरचा.

फँटसी गेम खेळणाऱ्यांना 'फे' हा शब्द माहीत असेल. एल्फ, गॉब्लिन, पिक्सी अशी युरोपच्या लोककथांमधली ही जंगली मंडळी. आपल्याकडचा चकवा, मुंजा, आसरा यांची लांबची भावंडं म्हणा ना. यांची खासियत म्हणजे वेग आणि खोडी. दिसले न दिसले तोच गायब! त्यामुळेच त्यांना कागदावर उतरवणं अवघड जातं. एकेक नख, एकेक खवला काढत बसलं तर ते जागीच थिजतात. अगदीच कमी काढलं तर कोणाला भीतीही वाटत नाही आणि गंमतही. मिलिगन यांनी यावर आपला असा एक तोडगा शोधला होता. मात्र तिथवर पोहोचायची वाट फार खडतर होती.

छावणीतलं पोर

१६ एप्रिल १९१८. पहिलं महायुद्ध अजून संपायचं होतं. नगर ही इंग्रजांच्या लष्कराची मोठी छावणी होती. मूळचे आयर्लंडचे लिओ मिलिगन तोफखान्यात नोकरीला होते. त्यांच्या आणि फ्लॉरेन्स यांच्या पोटी मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं टेरेन्स अॅलन. 'स्पाइक' हे नाव पुढे चिकटलं, ते स्पाइक जोन्स या अमेरिकन बँडवाल्यावरून.

टेरेन्सचं बालपण पुण्याच्या लष्कर भागात आणि नंतर ब्रह्मदेशात, रंगूनला गेलं. वडिलांची लष्करातली नोकरी सुटली आणि ऐन पोरवयात त्याला बोटीने इंग्लंडला जावं लागलं. ऊन, मोकळी मैदानं, नोकरचाकर हे सगळं मागे राहिलं. समोर आलं दक्षिण लंडनमधलं करडं आभाळ आणि ओढाताणीचा संसार. पुण्याच्या आठवणी मात्र मिलिगन यांच्या लिखाणात आणि बोलण्यात आयुष्यभर येत राहिल्या.

तोफ गेली खाली, मित्र मिळाला

दुसऱ्या महायुद्धात मिलिगनही वडिलांसारखेच तोफखान्यात गेले. उत्तर आफ्रिकेत त्यांच्या तुकडीची एक अवजड तोफ घसरून कड्यावरून खाली गेली आणि एका वायरलेसच्या गाडीजवळ आदळली. त्या गाडीत हॅरी सीकम्ब नावाचा सैनिक होता. थोड्या वेळाने मिलिगन तिथे आले आणि कोणी तोफ पाहिली का, अशी चौकशी करू लागले! पुढे हेच दोघं रेडिओवर एकत्र आले.

पण युद्ध काही किश्शांवर थांबलं नाही. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत मोन्ते कॅसिनोच्या लढाईत मिलिगन तोफगोळ्याच्या स्फोटात जखमी झाले. अंगावरची जखम भरली, मनाची भरली नाही. त्यांची आघाडीवरची लढाई तिथेच संपली. नैराश्य आणि उन्मादाचे झटके यांनी नंतर त्यांची पाठ कधीच सोडली नाही.

न दिसणारी, पण पळणारी पात्रं

१९५१ मध्ये बीबीसी रेडिओवर 'द गून शो' सुरू झाला आणि १९६० पर्यंत चालला. सीकम्ब, पीटर सेलर्स आणि मिलिगन हे त्रिकूट देशभर गाजलं. बहुतेक भाग मिलिगन यांनीच लिहिले.

रेडिओवर चित्र नसतं. पात्र कसं दिसतं हे ऐकणाऱ्याने आपल्या डोक्यात ठरवायचं. मिलिगन यांनी विचित्र आवाज, अचाट साउंड इफेक्ट आणि कानाला गुदगुल्या करणारी नावं यांच्या जोरावर माणसं उभी केली. एखादं पात्र क्षणात इथून तिथे पोहोचायचं, फुटायचं आणि पुढच्या वाक्याला परत हजर व्हायचं. वेग दाखवायला पाय काढावेच लागतात असं नाही, हे त्यांना इथे पुरतं कळलं.

पण या कामाची किंमतही मोजावी लागली. दर हंगामात पंचविसेक भाग लिहायचे, तेही दर आठवड्याला नवी कल्पना काढून. १९५२ च्या अखेरीस मिलिगन पार कोसळले आणि त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. बरे झाले की पुन्हा लिहायला बसायचे.

नावातच अर्धं डिझाइन

पहिला संसार मोडला, तेव्हा तिन्ही मुलांचा ताबा मिलिगन यांना मिळाला. त्या काळी वडिलांकडे मुलं जाणं ही दुर्मीळ गोष्ट होती. या मुलांसाठी ते बागेत पऱ्यांच्या नावाने बारीक अक्षरातली इवलीशी पत्रं ठेवायचे. मुलांसाठीच्या मजेशीर कवितांचं त्यांचं पुस्तक १९५९ मध्ये आलं. त्यातल्या चित्रांच्या रेघाही त्यांच्याच.

१९६८ मध्ये 'अ बुक ऑफ मिलिगॅनिमल्स' आलं. यात त्यांनी मनाने बनवलेले प्राणी भरले होते. त्यातला एक म्हणजे 'हिप्पोऱ्हायनोस्ट्रिकाऊ'. पाणघोडा, गेंडा, शहामृग आणि गाय यांची नावं एकमेकांत घुसवली की हा तयार! नाव वाचतानाच डोक्यात चित्र बनायला लागतं. आज गेमसाठी मॉन्स्टर काढणारे कलाकारही ओळखीच्या दोन-तीन प्राण्यांचे तुकडे जोडूनच सुरुवात करतात. पाहणाऱ्याला अर्धं ओळखीचं वाटलं पाहिजे आणि अर्ध्याने तो दचकला पाहिजे.

बॅडजेली आली!

१९७३ मध्ये 'बॅडजेली द विच' प्रसिद्ध झालं. हे पुस्तक मिलिगन यांच्या हस्ताक्षरातच छापलं गेलं आणि चित्रंही त्यांनीच काढली. टिम आणि रोझ या भावंडांची गाय हरवते. तिला शोधायला दोघं जंगलात शिरतात. तिथे त्यांना बिंकलबाँक नावाचा झाडावरचा गॉब्लिन भेटतो, एक गांडूळ भेटतं, एक उंदीर भेटतो. आणि मग गाठ पडते बॅडजेलीशी. ही बाई पोलिसाचं झाड करू शकते आणि मुलांचे सॉसेज! शेवटी पोरं प्रचंड गरुडावर बसून निसटतात आणि चेटकीण झाडूवरून त्यांचा पाठलाग करते.

या चित्रांमध्ये नीटनेटकेपणा शोधायला जाऊ नका. रेघा वाकड्यातिकड्या आहेत, घाईत ओढल्यासारख्या. मिलिगन यांचा तोडगा तो हाच. राक्षस पुरता काढायचाच नाही. रेघ पळती ठेवली की प्राणीही पळतो, आणि राहिलेला भाग मूल आपल्या मनाने भरतं. दुसरं म्हणजे भीतीच्या शेजारी कायम एक वेडेपणा ठेवायचा. मुलांना खाणारी चेटकीण भयानकच, पण सॉसेज म्हटलं की हसू फुटतं. जिला हसता येतं, तिच्यापासून पळताही येतं. तोफगोळ्याची भीती जन्मभर सोबत वागवणाऱ्या माणसाने मुलांसाठी निवडलेली ही वाट होती.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गेम बाजारात आला आणि गॉब्लिन मंडळी जगभरच्या टेबलांवर पोहोचली.

पऱ्यांचं झाड वाचवणारा माणूस

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये 'एल्फिन ओक' नावाचं ओकच्या झाडाचं एक जुनं खोड आहे. कलाकार आयव्हर इनेस यांनी १९३० च्या सुमारास त्यावर एल्फ, बुटके, चेटकीण आणि छोटे प्राणी कोरून रंगवले. ऊन-पावसाने पुढे ते झिजत गेलं. १९६० च्या दशकात त्याची डागडुजी व्हावी म्हणून मिलिगन धडपडले. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्यांनी पुन्हा मोहीम चालवली. १९९७ मध्ये या खोडाला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. पिंक फ्लॉइडच्या 'उमागुमा' अल्बमच्या आतल्या फोटोत दिसतं ते हेच झाड.

कोणत्या देशाचा?

सगळंच गोड होतं असं नाही. १९६९ च्या 'करी अँड चिप्स' या टीव्ही मालिकेत मिलिगन यांनी चेहरा रंगवून दक्षिण आशियाई माणसाचं काम केलं. त्यावर वंशद्वेषाची टीका झाली आणि मालिका सहा भागांत गुंडाळली गेली. भारतात जन्मलेल्या माणसाकडून हे घडलं, हे जास्तच बोचतं.

खुद्द त्यांनाही परकेपणाचा फटका बसला होता. भारतात जन्म आणि वडील आयरिश, यामुळे नियम बदलल्यावर त्यांचं ब्रिटिश नागरिकत्व अडचणीत आलं. ज्या देशासाठी ते युद्धात जखमी झाले, त्याच देशाशी निष्ठेची शपथ नव्याने घ्यायला त्यांनी नकार दिला आणि १९६२ मध्ये आयरिश नागरिकत्व घेतलं.

२७ फेब्रुवारी २००२ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी मिलिगन गेले. कबरीच्या दगडावरही त्यांनी विनोद सोडला नाही. आपण आजारी असल्याचं आधीच सांगितलं होतं, अशा अर्थाची तक्रार तिथे आयरिश भाषेत कोरलेली आहे.

एल्फिन ओक आजही केन्सिंग्टन गार्डन्समध्ये उभं आहे. त्याच्या शेजारीच लहान मुलांचं मोठं खेळाचं मैदान आहे. लंडनला गेलात तर जाळीतून डोकावून पाहा. त्यावरचे बुटके आणि एल्फ अजून टिकून आहेत, त्यात नगरला जन्मलेल्या एका माणसाच्या हट्टाचाही वाटा आहे.