पहिले स्फटिकरूप विकर

शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी विकरे म्हणजेच एन्झाइम नेमकी कशाची बनलेली असतात, याचे उत्तर जेम्स समनर या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने स्फटिकांच्या वाटेने शोधले.

समनर यांचा जन्म १८८७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. सतराव्या वर्षी शिकारीत मित्राच्या बंदुकीची गोळी लागून त्यांचा डावा हात कोपराखाली कापावा लागला. ते डावखुरे होते. एका हाताने रसायनशास्त्र जमणार नाही, हा हार्वर्डच्या प्राध्यापकांचा सल्ला न मानता त्यांनी १९१४ साली तिथेच डॉक्टरेट मिळवली.

कॉर्नेल विद्यापीठात १९१७ पासून त्यांनी युरियाचे विघटन करणाऱ्या युरिएज या विकरावर लक्ष केंद्रित केले. त्यासाठी अबईच्या कुळातील जॅक बीनच्या बियांचे पीठ वापरले. प्रथिन पाण्यात विरघळते, पण पाण्यात अल्कोहोल मिसळले की त्याची विद्राव्यता घटते. म्हणून ते अल्कोहोलमिश्रित अर्क थंड करून पाहत. प्रयोगशाळेत शीतपेटी नव्हती, तेव्हा नळकांडी खिडकीच्या कठड्यावर ठेवून थंडीची वाट पाहिली जाई. युरिएज काहीसे शुद्ध होई, स्फटिक मात्र मिळेनात.

१९२६ साली त्यांनी अल्कोहोलऐवजी सुमारे ३२ टक्के अॅसिटोन वापरले. रात्रभर थंडीत ठेवलेल्या अर्काचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताच इवलेसे स्फटिक दिसले. ते प्रथिनाचे होते आणि युरियाचे विघटन वेगाने करत होते. विकर हे प्रथिनच, असा निष्कर्ष समनर यांनी काढला.

नोबेलविजेते जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टेटर यांचे मत मात्र विरुद्ध होते: प्रथिन हे केवळ वाहक, खरे विकर निराळेच. त्यामुळे समनर यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३० साली जॉन नॉर्थ्रॉप यांनी जठरातील पेप्सिनचे स्फटिक मिळवले. त्यांची रीत वेगळी होती. अॅसिटोनऐवजी त्यांनी क्षार आणि आम्ल वापरले व तापमान हळूहळू उतरवले. दोन विकरे, दोन पद्धती, निष्कर्ष एकच. त्यामुळे विरोध मावळत गेला.

१९४६ चे रसायनशास्त्राचे नोबेल समनर, नॉर्थ्रॉप आणि वेंडेल स्टॅन्ली यांना विभागून मिळाले. समनर १९५५ साली निवर्तले. रक्तातील युरिया मोजण्याच्या प्रचलित चाचण्यांत आजही युरिएजच वापरले जाते.