बालगंधर्व: बायकांना फॅशन शिकवणारा पुरुष

पुरुषाने साडी नेसली तर आज ट्रोलिंग होतं. शंभर वर्षांपूर्वी मात्र घरंदाज बायका एका पुरुषाचं पाहून साडी नेसत, अंबाडा घालत. ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (1888-1967).

12 मार्च 1911, 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. तरी भामिनी नटूनथटून रंगमंचावर आली. पुढे रुक्मिणी, सिंधूही गाजल्या. भारी शालू, अत्तरं, सगळं अस्सल हवं! या हौसेनेही गंधर्व नाटक मंडळी कर्जात गेली.

एरवी ते धोतर-कोटातले गृहस्थ. 1935 साली 'धर्मात्मा' चित्रपटात ते संत एकनाथ झाले, पण सिनेमात रमले नाहीत. पन्नाशीकडे झुकताना पुन्हा शालू नेसून नाटकात उभे राहिले.