पत्रांतून माल विकणारे हॉपकिन्स

अनोळखी माणसाला पत्र लिहून माल विकण्याच्या विद्येला शास्त्राची बैठक देणारे क्लॉड हॉपकिन्स १८६६ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात जन्मले. पितृछत्र लहानपणीच हरपले. मुलाने धर्मोपदेशक व्हावे ही आईची इच्छा. त्यांनी ती वाट सोडली आणि मायलेकांत अंतर पडले. पुढे बिसेल कंपनीचे गालिचे झाडण्याचे यंत्र खपवण्यासाठी त्यांनी दुकानदारांना सुमारे ५,००० पत्रे धाडली. त्यांत यंत्राच्या बांधणीची थोरवी गायिली नव्हती. नाताळची भेट म्हणून ते दुकानात मांडावे, एवढेच सुचविले होते. १,००० मागण्या आल्या! वाचणाऱ्याचा लाभ आधी, आपला माल मागून, आणि प्रत्येक पत्राचा हिशेब चोख, हा त्यांचा दंडक. १९२३ साली तो त्यांनी ग्रंथरूपाने मांडला. १९३२ साली ते निवर्तले. दंडक मात्र मागे राहिला.