लहान कारागिराचे इंजिन

जुनी डिझेल गाडी ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना 'एअर काढणे' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. टाकी कोरडी पडू दिली किंवा फिल्टर बदलला की पाइपात हवा शिरते आणि मग स्टार्टर कितीही फिरवा, इंजिन काही पकडत नाही. बॉनेट उघडायचे, फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हाताच्या पंपाने डिझेल वर ओढत राहायचे. आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळायचा. तरीही गाडी हट्टाला पेटलीच, तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून ढिले करायचे आणि घरातल्या कुणाला तरी चावी फिरवायला बसवायचे. दोन पाने आणि एक फडके एवढ्या भांडवलावर अनेक रविवार सकाळी मी हा उद्योग केला आहे. ना स्पार्क प्लग, ना कॉइल. हवा दाबून दाबून इतकी तापवायची, की तिच्यात फवारलेले तेल आपोआप पेटावे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, तेच हे तत्त्व.

ज्याच्या नावाने हे तेल आपण लिटरवर विकत घेतो, त्याला असेच इंजिन हवे होते: लहान माणसाच्या हाती राहील असे. ते त्याला मिळाले नाही.

रुडॉल्फ डिझेल जन्मला पॅरिसमध्ये, १८ मार्च १८५८ रोजी. आईवडील बव्हेरियाकडचे जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. घरातच कारखाना आणि तयार माल पोचवायला पोरगा. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले आणि या जर्मन कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले. लंडनमध्ये हलाखी होती. बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. तिथे गणित शिकवणाऱ्या काकांच्या घरी त्याने इंजिनीअर व्हायचे ठरवले.

पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू भेटले. बर्फ बनवण्याच्या यंत्रांनी नावारूपाला आलेले हेच ते लिंडे. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते, बाकी वाया घालवते, हे त्यांच्या तासाला ऐकले आणि रुडॉल्फच्या डोक्यात किडा शिरला. १८८० साली तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, लिंडेंच्याच पॅरिसच्या बर्फ कारखान्यात लागला, १८८३ मध्ये मार्थाशी लग्न केले, तीन मुले झाली. पण किडा काही गेला नाही.

यात केवळ तेलाची बचत नव्हती. वाफेचे इंजिन मोठे, महाग, कारखानदाराला परवडणारे. त्यापायी घरच्या घरी हत्यार चालवणारा विणकर, सुतार, कुलूपवाला देशोधडीला लागत होता. वडिलांच्या कारखान्यात वाढलेल्या या मुलाला वाटे, की स्वस्त आणि काटकसरी इंजिन निघाले तर असा कारागीर पुन्हा उभा राहील. १९०३ साली त्याने कामगारांच्या सहकारी मालकीवर एक पुस्तकही लिहिले. ते फारसे कुणी विकत घेतले नाही.

१८९३ च्या फेब्रुवारीत पेटंट हाती आले. त्याच वर्षी १० ऑगस्टला ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्यात पहिली चाचणी झाली, आणि आतल्या स्फोटाने दाब मोजायचे उपकरण फुटून तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात बचावला. पण दाबलेल्या हवेत इंधन पेटते, हेही त्याच स्फोटाने सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन जेमतेम मिनिटभर स्वतःच्या बळावर चालले. बाहेरून फिरवणारा पट्टा आता उलट इंजिनच ओढते आहे, हे आधी कळले ते लिंडर नावाच्या फिटरला. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. मला या चरित्रातला हाच क्षण सर्वांत आवडतो.

आणखी तीन वर्षे गेली. १८९७ च्या अधिकृत चाचणीत सुमारे वीस अश्वशक्तीच्या इंजिनाने इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामी लावली. जगभरातून परवाने विकले गेले. अमेरिकेच्या हक्कांसाठी मद्यसम्राट अडॉल्फस बुश याने दहा लाख मार्क मोजले. पण हे इंजिन माणसाहून उंच आणि कित्येक टन वजनाचे होते. सिलिंडरात तेल फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. हे जोखड असेपर्यंत इंजिन लहान होणे कठीण होते. पहिल्या गिऱ्हाइकांत केम्प्टनचा एक काडेपेटी कारखाना होता. ठिणगीवाचून चालणारे इंजिन काड्या बनवणाऱ्याकडे जावे हा योगायोगच. सुरुवातीची इंजिने वारंवार बंद पडत, दुरुस्तीला तज्ज्ञ धाडावे लागत आणि तक्रारींचा ढीग साचे. डिझेलची प्रकृती ढासळली. म्युनिकला त्याने थाटाचा बंगला बांधला, जमिनींच्या आणि तेलाच्या व्यवहारांत पैसा घातला आणि बुडवला. कारागिराऐवजी इंजिन गेले वीजघरात, जहाजांत आणि पाणबुड्यांत.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी तो अँटवर्पहून 'ड्रेस्डेन' या बोटीने इंग्लंडला निघाला. कंपनीची बैठक होती. रात्री सोबत्यांबरोबर जेवला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी बिछाना न वापरलेला होता. डेकवर कठड्यापाशी त्याची टोपी आणि ओव्हरकोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. खिशातल्या वस्तू काढून घेऊन खलाशांनी ते पुन्हा समुद्रात सोडले. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे धाकटा मुलगा ऑयगेन याने ओळखले. हेरांनी मारले, तेलसम्राटांनी मारले, अशा कहाण्या आजही रंगवल्या जातात. पण डायरीत त्या तारखेपाशी क्रॉसची खूण होती, आणि मागे राहिले होते ते कर्ज.

कॉम्प्रेसरचे जोखड दुसऱ्यांनी उतरवले. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली तेलच थेट उच्च दाबाने ढकलणारा छोटा पंप बाजारात आणला आणि इंजिन बॉनेटखाली मावू लागले. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही मोटार आली. तिला पहिले गिऱ्हाईक मिळाले ते टॅक्सीवाल्यांत. दहा वर्षांनी, १९४६ साली, पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि आपल्या विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांत ही इंजिने धडधडू लागली. गिरणीवाला आणि शेतकरी त्यांची एअर स्वतःच काढत.