कवीची लेक आणि यंत्राची कोठी

वडील जगप्रसिद्ध कवी, आई गणिताची वेडी, आणि लेक पाच आठवड्यांची असतानाच दोघांचा संसार मोडलेला! अशा घरातल्या मुलीचं पुढे काय होणार, असं कुणीही म्हटलं असतं. पण आज कॉम्प्युटरच्या दुनियेत जिचं नाव मानानं घेतात, ती ॲडा लव्हलेस याच घरातली. जन्म लंडनचा, १० डिसेंबर १८१५ चा.

मी पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमिंग करते. त्यामुळे ही बाई मला कुणी दूरची सरदारकन्या वाटत नाही, आपल्याच धंद्यातली थोरली बहीण वाटते. तिची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

तिचे वडील लॉर्ड बायरन. त्यांच्या कवितांवर अख्खं इंग्लंड फिदा होतं, पण नवरा म्हणून माणूस बेभरवशाचा. जानेवारी १८१६ मध्ये आई ॲनाबेला तान्ह्या ॲडाला घेऊन माहेरी निघून आली. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यानं मुलावर हक्क बापाचा. तरी बायरननं लेकीवर दावा सांगितला नाही. एप्रिलमध्ये त्यानं देश सोडला तो कायमचाच. १८२४ साली ग्रीसमध्ये तो गेला, तेव्हा ॲडा आठ वर्षांची होती. बापाचा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता, घरातली त्याची तसबीरसुद्धा पडद्याआड असायची.

आईला एकच धास्ती. बापाचं कवीचं वेड पोरीत उतरलं तर? त्यावर तिनं औषध शोधलं, गणित! घरी शिक्षक ठेवले, शिस्त कडक लावली. पण रक्तातली कल्पना कुठे जाणार? बाराव्या वर्षी ॲडाला उडायचं वेड लागलं. पक्ष्यांची शरीरं अभ्यासून, कागद, रेशीम, तार, पिसं यांपैकी पंख कशाचे करायचे याचा ती हिशोब मांडू लागली. पुढच्याच वर्षी, १८२९ मध्ये, गोवर निघाला आणि तिचे पाय लुळे पडले. कित्येक महिने अंथरुणात गेले, मग कुबड्या आल्या. त्या आजारपणातही अभ्यास सुटला नाही.

जून १८३३ मध्ये, सतराव्या वर्षी, तिची गाठ चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाशी पडली. त्यानं आकडेमोड करणाऱ्या यंत्राचा एक भाग तयार करून घरी मांडला होता. इतर पाहुणे ते नवल म्हणून बघत, ॲडाला मात्र ते चालतं कसं हे समजून घ्यायचं होतं. पुढच्या वर्षी आईबरोबर कारखाने बघायला गेली असताना तिनं जॅकार्डचे माग पाहिले. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते मागात घालायचे, की कापडावर आपोआप वेलबुट्टी उतरते. नक्षी बदलायची तर माग नाही बदलायचा, पत्ते बदलायचे. ही गोष्ट तिच्या मनात घर करून राहिली.

१८३५ मध्ये लग्न झालं. नवऱ्याला पुढे अर्ल ऑफ लव्हलेस हा किताब मिळाला आणि ती लेडी लव्हलेस झाली. १८३६ ते १८३९ या चार वर्षांत तीन मुलं झाली. आता पुस्तकं माळ्यावर गेली असतील, असंच ना वाटेल तुम्हाला? तसं झालं नाही. १८४० मध्ये तिनं ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाकडून पत्रानं शिकायला सुरुवात केली. म्हणजे आजच्या भाषेत डिस्टन्स एज्युकेशन! हे डी मॉर्गन जन्मानं आपल्या मदुराईचे, बरं का. त्यांनी तिची बुद्धी ओळखली होती. पण इतकं अवघड गणित बाईच्या प्रकृतीला झेपणार नाही, अशी काळजी त्यांनीच पुढे तिच्या आईला कळवली. शिकवणारा चांगला असला तरी ही शंका बायकांच्या पाठीशी असायचीच.

एव्हाना बॅबेजच्या डोक्यात नवं यंत्र आलं होतं, ॲनॅलिटिकल इंजिन. त्यावर इटलीच्या मेनाब्रिआ यांनी १८४२ मध्ये फ्रेंच भाषेत लेख लिहिला. ॲडानं तो इंग्रजीत आणला आणि स्वतःच्या सात टिपा जोडल्या. टिपा कसल्या, मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट मजकूर झाला! १८४३ मध्ये तो छापून आला. खाली नाव मात्र पूर्ण नाही, नुसती तीन आद्याक्षरं. मानाच्या घरातल्या बाईनं असं नाव छापणं रीतीत बसत नव्हतं.

त्या टिपांत होतं तरी काय? या यंत्रात आकडे साठवायची एक जागा आणि हिशोब करायची दुसरी जागा होती. बॅबेजनं त्यांना इंग्रजीत नावं दिली होती स्टोअर आणि मिल. म्हणजे आपली कोठी आणि गिरणी! कोठीतून धान्य काढायचं, गिरणीत दळायचं, पीठ परत कोठीत. काय दळायचं आणि कसं, हे पत्ते सांगणार. ॲडानं यातलं मर्म पकडलं. करायची क्रिया वेगळी आणि ती ज्याच्यावर करायची ती वस्तू वेगळी, हे तिनं ठासून मांडलं. आणि वस्तू वेगळीच असेल तर ती आकडाच का असावी? सुरांचे नियम मांडता आले तर हे यंत्र संगीतही रचू शकेल, असं तिनं लिहिलं. वीज घरात यायच्या कितीतरी आधी!

आता थोडं माझ्या कामाबद्दल, कारण ते इथेच येऊन मिळतं. मी महिला बचत गटांच्या हिशोबाची वेब ॲप्लिकेशन्स बनवते. त्यासाठी तयार चौकट मिळते, तिला आम्ही फ्रेमवर्क म्हणतो. लारावेल, जँगो, रेल्स अशी त्यांची नावं. यातली मूळ रीत मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर अशी तीन भागांची. नॉर्वेच्या ट्रिग्वे रेन्सकॉग यांनी ती १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडली.

लग्नघरच्या पंगतीसारखंच आहे हे. कोठीघर आणि आचारी म्हणजे मॉडेल. सगळा माल आणि शिजवायचे नियम त्यांच्याकडे. पान वाढून समोर येतं ते व्ह्यू. आणि कुणाला काय हवंय ते ऐकून आत सांगणारी, आलेलं योग्य पानावर पाठवणारी कर्ती बाई म्हणजे कंट्रोलर. गटातल्या सभासदानं मोबाइलवर आपलं कर्ज किती उरलं ते विचारलं, की निरोप कंट्रोलरकडे जातो. तो मॉडेलला विचारतो, मॉडेल नोंदी काढून व्याज लावतं, आणि उत्तर व्ह्यू नीट मांडून दाखवतो. उद्या व्याजाचा नियम बदलला तर फक्त मॉडेलला हात लावायचा. पान इंग्रजीऐवजी मराठीत हवं, तर फक्त व्ह्यू बदलायचा. आचाऱ्यानंच वाढायचं आणि वाढप्यानंच फोडणी द्यायची असं केलं, तर पंगतीचा विचका ठरलेला!

ॲडाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ही रीत तिच्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळानं आली. पण साठवण वेगळी, क्रिया वेगळी, हुकूम वेगळा असा विचार शिकवताना मला तिच्या कोठी-गिरणीचाच दाखला हाताशी येतो.

शेवटच्या टिपेत तिनं बर्नुली संख्या काढायचा २५ पायऱ्यांचा तक्ता दिला. त्यालाच बरेच जण जगातला पहिला प्रोग्रॅम म्हणतात. बॅबेजनं त्याआधीच असे काही तक्ते मांडले होते, म्हणून हा मान कुणाचा यावर अभ्यासकांत वाद आहे. तक्त्यातल्या चौथ्या पायरीत भागाकार उलटा छापला गेलाय, हेही खरं. पण बॅबेजनं पुढे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं, की त्यानं करून दिलेल्या गणितातली मोठी चूक ॲडानं पकडली होती. आणि आकड्यांपलीकडचं तिला दिसलं, ते बॅबेजनंही तसं मांडलं नव्हतं.

तिचं पुढचं आयुष्य ओढाताणीचं गेलं. घोड्यांच्या शर्यतीत पैसे घालवले, सासरचे हिरे गहाण पडले, ते आईनं सोडवून आणले. मग गर्भाशयाच्या कॅन्सरनं गाठलं. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ती गेली. बापही त्याच वयात गेला होता. न पाहिलेल्या त्या बापाशेजारी, हकनॉलच्या चर्चमध्ये, तिच्याच इच्छेनं तिला पुरलं. तिची मुलगी ॲन पुढे अरबस्तान फिरली आणि अरबी घोड्यांची जाणकार म्हणून नावाजली.

बॅबेजचं ते यंत्र कधी पुरं झालंच नाही. ॲडाच्या टिपाही शंभर वर्षं मागेच पडल्या. पुढे ॲलन ट्युरिंगनं १९५० मध्ये यंत्राच्या बुद्धीचा विचार करताना तिच्या मताला उत्तर दिलं. १९७९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं आपल्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेला ॲडा हे नाव दिलं. त्या भाषेच्या मानकाचा क्रमांक १८१५, तिचं जन्मवर्ष!

मैत्रिणींनो, तिच्याकडे पैसा होता, नोकरचाकर होते, हे विसरून चालणार नाही. तुमच्या-माझ्याकडे ते नाही. पण तिला जे अंथरुणात, पत्रांतून, तीन मुलांना सांभाळत मिळवावं लागलं, त्याचं दार आज बरंच उघडं आहे. मी सांगितलेली फ्रेमवर्क्स फुकट मिळतात. लागतो एक जुना का होईना कॉम्प्युटर, इंटरनेट आणि रोजचा तासभर. गटाची वही नीट ठेवणाऱ्या, पै-पैचा ताळा जुळवणाऱ्या बायकांना हे का जमू नये? माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत दहावीनंतर घरी बसलेल्या सुनाही आहेत, आणि त्यांची मॉडेलं मला पहिल्याच महिन्यात अचूक सापडतात.

मात्र एक सांगते. काम केलंत तर खाली नाव पूर्ण लिहा. नुसती आद्याक्षरं नकोत.